खंडेनवमीनंतरची पावलं

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी.

वर्कशॉपची पूजा यथासांग झाली. हल्ली लोक यंत्राला कुंकवाचं एक बोट लावतात, सेल्फी काढतात आणि पेढा खाऊन घरी जातात. आपल्याकडे असलं चालत नाही. नारायण पेठेत आप्पांचा, माझ्या वडिलांचा, लेथ होता, तेव्हा खंडेनवमीला ते मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली ओढायचे आणि दसरा उलटेपर्यंत कुणाला त्याच्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. वर्षभर राबणाऱ्याने दोन दिवस झोपावं, असं म्हणायचे. आज मीही स्विच खाली ओढला. भट्टी, पंप, कॉम्प्रेसर, फ्रीझर, सगळं शांत झालं. त्या शांततेत आप्पांची फार आठवण आली.

आप्पांनी जन्मभर पितळी नळांना आटे पाडले. मी कार्बनची पावलं करतो. ज्यांचा पाय गुडघ्याखाली गेला आहे त्यांच्यासाठी. काळी, वळणदार पट्टी असते. टाच टेकली की दबते आणि पुढे ढकलते. परदेशी पाऊल ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आमच्या नऱ्ह्याच्या वर्कशॉपचं पाऊल. एका मोठ्या ट्रस्टने आपल्या शिबिरासाठी पहिली मोठी ऑर्डर दिली आहे. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, समारंभाने वाटप. पंधरा वर्षं ज्यांनी मला वेड्यात काढलं त्यांना आमंत्रणं आठवणीने पाठवणार आहे.

शेवटी फ्रीझरची पूजा केली. कार्बनचं कापड त्यात असतं. त्यात रेझिन, म्हणजे धागे चिकटवणारी राळ, आधीच मुरवलेलं असल्यामुळे ते गोठवूनच ठेवावं लागतं. आमची लक्ष्मी तीच. पिशवीचं तोंड सोडून खुद्द कापडावर झेंडू वाहिला. नुसत्या फ्रीझरच्या झाकणाला हार घालणं म्हणजे देवळाच्या दाराला नमस्कार करून परत येणं.

प्रज्ञेश नव्हता. हा आमचा क्वालिटीचा माणूस. दरवर्षी या दिवसांत नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. त्यांचा दसरा वेगळा. मी दरवर्षी रजा देतो, मी असलं काही मानत नाही. जाताना मात्र सांगून गेला, सर, फ्रीझरकडे लक्ष असू द्या. मला. लेथच्या तेलात वाढलेल्या माणसाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

सकाळी स्विच वर केला. फ्रीझरखाली पाणी साचलं होतं, पुसून घेतलं. कापडाला घाम फुटल्यासारखा वाटला. पिशवी बांधून पुन्हा गोठवायला ठेवली.

काल संध्याकाळी शमशुद्दीनभाई सोनं द्यायला घरी आले होते. आप्पांच्या लेथशेजारी त्यांचं सायकलचं दुकान. पेठ सुटली, दुकान सुटलं, दसऱ्याचं येणं सुटलं नाही. बरोबर नाजिमा होती. तीन वर्षांपूर्वी कात्रजच्या बायपासवर ट्रकने तिचा डावा पाय नेला. तेव्हा ती दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडायची, बापाशीसुद्धा बोलायची नाही. माझं पहिलं चाचणीचं पाऊल तिनेच घातलं. त्या पावलावर उभी राहून आज ती कोथरूडच्या शाळेत विज्ञान शिकवते. जुनं आता झिजलंय. म्हटलं, नव्या लॉटमधलं पहिलं तुझं. "काका, पहिलं कशाला, चांगलं द्या," म्हणाली. पोरगी आमच्या पेठेत वाढली, वळण दिसणारच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

लॉट सुरू झाला. कापडाचे थर साच्यात एकावर एक, प्रत्येकाचा धागा वेगळ्या दिशेने, मग वरून पिशवी, हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत. चैतालीला एकदा हे समजावताना म्हटलं होतं, तुझ्या चिरोट्यासारखंच. ती म्हणाली, चिरोट्याचे पदर सुटले तर माझं कौतुक होतं, तुमच्या पावलाचे सुटले तर? लग्नाला तीस वर्षं झाली, बाईने माझ्या एका वाक्याला सरळ होकार दिलेला नाही.

प्रज्ञेश सहा तारखेला परत आल्यापासून कापड चाचपतो आहे. चिकटपणा बदललाय, म्हणतो. मी नसताना वीज गेली होती का, असं विचारत होता. वीज गेली नव्हती. तसंच सांगितलं. जे खरं ते.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

भट्टीतून निघालेल्या प्रत्येक पावलावर प्रज्ञेश नाणं वाजवत हिंडतोय. नाणं खणखणीत वाजलं तर आत सगळं घट्ट, बद्द वाजलं तर आत पोकळी. दोनचार ठिकाणी बद्द वाजतं म्हणाला. मी ऐकलं. मला सगळं सारखंच ऐकू आलं.

वजन ठेवून चाचणी केली. माणसाच्या वजनाच्या तिप्पट भार घातला, पाऊल हूं की चूं करत नाही. प्रज्ञेशच्या चेहऱ्यावर तरी हसू नाही. काही लोकांना यश सहन होत नाही, मग ते स्वतःचं का असेना. आता एक पाऊल चालण्याच्या यंत्रावर लावलं आहे. ते यंत्र रात्रंदिवस पावलाला दाबतं आणि सोडतं, माणसाच्या काही वर्षांच्या चालण्याएवढं. दिवाळी धरून दीड महिना चालेल.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.

यंत्र चालू आहे. पाऊल शाबूत. फटाक्यांमुळे डोकं दुखतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

आज पाऊल गेलं. मोडलं नाही, उकललं. वळणाच्या जागी कडेने चीर पडली आणि थर एकमेकांपासून सुटत गेले. चाचणीचा तिसरा हिस्सा अजून बाकी होता.

प्रज्ञेशने ते कापून भिंगाखाली धरलं आणि मला बोलावलं. थरांच्या मधोमध बारीक बारीक छिद्रं, शिळ्या पावाला असतात तशी. कापडात पाणी होतं, म्हणाला. भट्टीत त्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तिथेच बुडबुडे राहिले. मी त्याला तिप्पट भाराची आठवण करून दिली. त्यावर जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"सर, भार धागे पेलतात. धागे चांगलेच आहेत, म्हणून ती चाचणी पास झाली. धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं जे आहे ते गेलंय. ते एकदा उभं राहून कळत नाही, रोज चालून कळतं."

व्याख्यान संपल्यावर मला फ्रीझरपाशी नेलं. तळाला बर्फाची जाड लादी बसली होती. ती त्याने खरवडून काढली होती. बर्फाच्या आत झेंडूच्या पाकळ्या. लादी हातात धरून नुसता उभा राहिला. पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं.

मी म्हटलं, फ्रीझरमध्ये पाणी आलं हे तुझ्या लक्षात यायला इतके दिवस का लागले? क्वालिटी तुझ्याकडे आहे ना? तर म्हणतो, आल्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं. याला विचारणं म्हणत असतील तर कठीण आहे. नीट विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं.

त्याचं म्हणणं, अख्खा लॉट बाद करा, नवं कापड मागवा, वाटप पुढे ढकला. आमंत्रणपत्रिका छापून आल्या आहेत. त्यावर माझं नाव आहे, खाली आप्पांचं, ‘यांच्या स्मरणार्थ’.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

विचार केला. एका पावलावरून सगळ्यांना फाशी देणं हा कुठला न्याय? दुसरं पाऊल यंत्रावर लावायला सांगितलं. प्रज्ञेश म्हणाला, चाचणी पूर्ण व्हायला दीड महिना लागेल. म्हटलं, वाटपापर्यंत चालव.

चैतालीला सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं कळतंच. माझ्या ताटात पोळी वाढताना विचारलं, प्रज्ञेश काय म्हणतो? मी म्हटलं, मुलगा हुशार आहे, पण धीर नाही. ती म्हणाली, तुम्हाला आहे, तो जरा फारच आहे.

२ डिसेंबर, मंगळवार.

दुसरं पाऊल शाबूत. यंत्रावरून काढून स्वतः निरखलं, चीर नाही, काही नाही. प्रज्ञेशचं पालुपद तयार होतंच, चाचणी अर्धीसुद्धा झालेली नाही, आणि एक टिकलं म्हणून दुसरं टिकेल असं नाही, छिद्रं प्रत्येकात वेगळ्या जागी असतात. तपासणीच्या सर्टिफिकेटांवर सही करायला नकार दिला. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला बरं पडलं असतं.

सह्या मी केल्या. वर्कशॉप माझं आहे.

३ डिसेंबर, बुधवार.

समारंभ दृष्ट लागण्यासारखा झाला. सभागृह भरलं होतं. नाजिमा बोलली. पाय गेल्यावर लोक धीर देतात, काकांनी पाऊल दिलं, असं म्हणाली आणि टाळ्या थांबेनात. शमशुद्दीनभाई रुमालाने डोळे पुसत होते. मी आप्पांच्या फोटोकडे पाहिलं.

वेल्ह्याकडचा एक धोंडिबा नावाचा गडी आला होता. पाऊल बसवल्यावर चालून दाखव म्हटलं, तर हा सभागृहाच्या पायऱ्या तीनदा उतरला आणि चढला. "सायेब, आता भाताच्या खाचरात उतरतो बगा," म्हणाला. मी म्हटलं, जपून रे बाबा. म्हणजे सूचना दिलेली आहे.

प्रज्ञेश शेवटच्या रांगेत उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसला नाही.

२२ डिसेंबर, सोमवार.

ट्रस्टकडून फोन. धोंडिबा पडला. बांधावरून उतरताना पाऊल वळणात उकललं आणि तो खाली दगडांवर आला. मनगट मोडलं, तोंडाला टाके. फोटो पाठवला होता. पावलाचा. अगदी यंत्रावरच्यासारखीच चीर.

मी ट्रस्टच्या माणसाला स्पष्ट सांगितलं, हे पाऊल चालायला दिलं होतं, बांधावरून उड्या मारायला नाही. तोही म्हणाला, खेड्यातली माणसं, ऐकत नाहीत. आम्हा दोघांचं एकमत झालं की गैरवापर. शब्द त्याचाच, पण चपखल आहे.

जेवण गेलं नाही. पित्त असेल.

२३ डिसेंबर, मंगळवार.

प्रज्ञेश सकाळी दारातच थांबला होता. त्याला धोंडिबाचं कळलं होतं, कुणी कळवलं देव जाणे. सगळी पावलं परत बोलवा, म्हणाला. प्रत्येकाला फोन मी करतो, तुम्ही नुसतं हो म्हणा. दोष कुणाचा हे विचारणार नाही, कुणाला सांगणार नाही. फक्त हो म्हणा.

मला हे फार लागलं. दोष कुणाचा हे विचारणार नाही म्हणजे काय? जणू दोष ठरलेलाच आहे आणि हा मला मोठ्या मनाने माफ करतो आहे. मी म्हटलं, ज्या दिवसांत फ्रीझर पाहायला हवा होता त्या दिवसांत क्वालिटीचा माणूस कुठे होता, हे मला लेखी विचारावं लागेल.

त्याने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "नागपूरला होतो, सर. तुम्हीच रजा दिली होती. मेन स्विच खाली ओढणार आहात, हे मात्र मला सांगितलं नव्हतंत."

इतक्या वर्षांत मी त्याला एका शब्दाने वेगळं वागवलं नाही. माझ्या ताटातला पेढा दिला आहे. आणि हा असं बोलतो.

२४ डिसेंबर, बुधवार.

नोटीस दिली. हलगर्जीपणा, महत्त्वाच्या काळात गैरहजेरी. दुपारी राजीनामा टेबलावर. माझ्या नोटिशीहून छोटा. डबा, पाण्याची बाटली, भिंग घेऊन गेला. भिंग त्याचं स्वतःचं होतं. वर्कशॉपमधल्या मुलांपैकी कुणी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलं नाही, मी खिडकीतून पाहत होतो ना. पण दिवसभर माझ्याशीही कुणी बोललं नाही.

२७ डिसेंबर, शनिवार.

झोप लागत नव्हती. डोळे मिटले की नाजिमा शाळेच्या जिन्यावर दिसायची. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, हातात वह्या, मागून मुलं धावत येतायत. तिच्या पायात त्याच लॉटमधलं पाऊल. पहिलं.

आज सकाळी उठून सरळ वर्कशॉपमध्ये गेलो. शोकेसमध्ये नमुन्याचं एक पाऊल होतं, गेल्या वर्षीच्या कापडाचं, पूर्ण चाचणीत उतरलेल्या लॉटमधलं. ते घेऊन नाजिमाकडे गेलो. पॉलिश नीट बसलं नव्हतं, बदलून देतो म्हटलं. शमशुद्दीनभाईंनी चहा केला. मी स्वतःच्या हाताने पाऊल बदललं, बोल्ट आवळले, तिला अंगणात चालवून पाहिलं. काढलेलं पाऊल पिशवीत घालून आणलं. येताना वाटेत गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली. माणसाने आपल्या माणसांसाठी एवढं तर करावंच.

घरी आल्यावर चैतालीला सांगितलं. वाटलं, आज तरी चांगलं म्हणेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाजिमाचं बदललंत. म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

काय माहीत आहे? खबरदारी आणि कबुली यात फरक असतो. तो तिला समजावायला गेलो तर उठून आत गेली. भाजी तशीच.

२८ डिसेंबर, रविवार.

नाजिमाच्या काढून आणलेल्या पावलावर नाणं वाजवून पाहिलं. वळणाच्या जागी बद्द वाजतं. मला ऐकू येतं.

५ जानेवारी २०२६, सोमवार.

ट्रस्टला कळवलं, तक्रार एकच आहे, बाकीची पावलं उत्तम चालली आहेत. खरंच आहे. दुसरी तक्रार आलेली नाही. बाकीची माणसं कुठल्या कुठल्या गावची, कोण एसटी स्टँडवर हमाली करतो, कोण घरकाम करते. परत बोलवायची तर त्यांच्या मनात उगाच भीती घालायची. इतक्या मुश्किलीने चालायला लागलेल्या माणसाला सांगायचं, बाबा, पायाखाली भरवसा ठेवू नको? हे मला क्रूर वाटतं.

क्वालिटीला नवा माणूस घेतला. नम्र आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार.

नाजिमा वर्कशॉपमध्ये आली. न कळवता. मी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा नको म्हणाली.

दवाखान्यात व्यायामाला जाते तिथे तिला धोंडिबा भेटला. हाताला प्लास्टर, पायात काहीच नाही, काठी टेकत आलेला. समारंभात पाहिलेला म्हणून तिने ओळखलं. त्याला वाटतंय चूक त्याचीच, साहेबांनी जपून म्हटलं होतं, असं तिला सांगत होता. एवढं मोलाचं पाऊल माझ्या हातून मोडलं, साहेबांना तोंड कसं दाखवू, म्हणत होता. हे सगळं तिने मला शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं,

"काका, माझं पाऊल का बदललंत?"

म्हटलं, सांगितलं ना, पॉलिश.

"मग धोंडिबामामांचं पॉलिश करायला का नाही नेलंत?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. कापडाचे थर, छिद्रं, एक चाचणी, दुसरी चाचणी, एकावरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. ती विज्ञान शिकवते, तिला कळेल असं वाटलं. तिने मधेच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपलं तेव्हा बोल्टची किल्ली मागितली. मला वाटलं, कुठे ढिलं झालं असेल, म्हणून दिली. ती वाकली, एकेक बोल्ट काढला, पाऊल सोडवलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मी नको नको म्हणत होतो. मुलं काम सोडून बघत उभी राहिली होती.

"बाकीच्यांची बदलून झाली की मला फोन करा," म्हणाली. "मी सगळ्यांत शेवटी येईन."

मी म्हटलं, अगं, शाळेत कशी जाशील, तुझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तुझ्या वडिलांना काय वाटेल. आप्पांच्या आणि त्यांच्या दोस्तीचं नाव काढलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही. ती मला नीट नमस्कार करून वळली. मी धरायला पुढे झालो तर नको म्हणून मान हलवली.

दाराशी टेकवून ठेवलेल्या कुबड्या तिने काखेत घेतल्या आणि पायऱ्या उतरून गेली. त्या कुबड्या ती येतानाच बरोबर घेऊन आली होती, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणजे मी काय उत्तर देणार, हे तिला घरून निघतानाच माहीत होतं.